गुमरीचं गेट



गेल्या महिन्यात पुण्याहून गावाकडे येत होतो. खंबाटकी घाट तुम्हाला माहीतच आहे. साताऱ्याकडे जाणाऱ्यांनी घाट चढायचा आणि पुण्याकडे येणाऱ्यांनी बोगद्यातून यायचं. म्हणजे घाट एकेरी. तरी दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर एक मोटारसायकलवाला समोरून खाली उतरत आला. आमच्या पुढच्या ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला, मोटारसायकलवाला कठड्याला घासत निघून गेला, आणि कुणाला काही झालं नाही. शेजारी बसलेला नातू म्हणाला, "आजोबा, इथे पोलीस का नसतात?"

मी त्याला म्हटलं, सगळ्या वळणांवर पोलीस उभे करायचे तर अर्धं गाव पोलिसात भरती करावं लागेल. तो हसला. पण प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. माझी निम्मी नोकरी याच प्रश्नावर झाली. जिथे वस्ती नाही, कोर्ट नाही, पोलीस ठाणं पन्नास किलोमीटरवर, तिथे रस्त्याचा कायदा पाळायला कोण लावतं आणि कशाच्या जोरावर? मी कोअर ऑफ मिलिटरी पोलीसमधला माणूस. लाल टोपी आणि पांढरा पट्टा. आज झोजी लाच्या रस्त्याबद्दल लिहितो. त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती आजवर घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

रस्ता आधी, कायदा नंतर

श्रीनगर ते लेह हा रस्ता साधारण ४३४ किलोमीटरचा. सोनमर्ग सोडलं, बालतालच्या वर चढ सुरू झाला की झोजी ला. उंची ३,५२८ मीटर. लडाखमधल्या खिंडींच्या मानाने ही काही फार नाही. पुढे लामायुरूकडे जाताना लागणारी फोतू ला ४,१०८ मीटरवर आहे. पण फोतू लावर गाडी निवांत चढते आणि झोजी लावर घाम फुटतो, कारण झोजी ला म्हणजे डोंगराच्या कड्यात खोदलेली एक पायरी आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खाली सिंध नदीचं खोरं. वरून दगड येतात, बर्फ येतं, पाऊस झाला की चिखल येतो.

या वाटेवर चाके नव्हती तेव्हाही नियम होते. १८७० मध्ये इंग्रज सरकार आणि काश्मीरचे महाराज यांच्यात व्यापारी तह झाला. लडाखमधून यारकंदकडे जाणाऱ्या व्यापाराच्या वाटेवर देखरेख करायला दोन संयुक्त आयुक्त नेमायचं ठरलं, एक इंग्रजांचा आणि एक महाराजांचा. वाट दुरुस्त आहे का, मुक्कामाच्या जागी दाणापाणी आहे का, व्यापाऱ्यांची आपसात भांडणं झाली तर निवाडा काय, हे सगळं त्यांनी बघायचं. त्याच काळात लडाखी गावांवर 'रेस' नावाची पाळी असे. गावाने आपल्या पाळीला प्रवाशांसाठी घोडी आणि माणसं पुरवायची. म्हणजे रस्ता चालता ठेवण्याचा बोजा गावकऱ्यांच्या पाठीवर आणि रस्त्याचा हुकूम साहेबाच्या हातात. डोंगरातल्या रस्त्यांचा हा जुना रिवाज आहे. कायदा दुरून येतो, तो राबवायला माणसं जवळची लागतात.

खिंडीत पहिल्यांदा मोठी वाहनं चढली ती लढाईतच. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये झोजी लावर आपले हल्ले यशस्वी झाले नाहीत. मग जनरल थिमय्यांनी ठरवलं की रणगाडे न्यायचे. ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे बुरूज काढून, ताडपत्रीखाली झाकून, रातोरात श्रीनगरमार्गे पुढे आणले. मद्रास सॅपर्सनी बालतालपासून खेचरांची वाट रुंद केली. १ नोव्हेंबर १९४८ ला हिमवर्षावात रणगाडे गुमरीच्या खोऱ्यात घुसले. एवढ्या उंचीवर कुणी रणगाडा आणेल असं शत्रूच्या मनातही नव्हतं. २४ नोव्हेंबरला कारगिल आपल्या ताब्यात आलं.

लढाईच्या पुस्तकात ही गोष्ट रणगाड्यांची म्हणून येते. मला लाल टोपीवाल्याला त्यात दुसरंच दिसतं. एवढी अवजड वाहनं जम्मूपासून पूल ओलांडत, गुपचूप, अरुंद रस्त्याने पुढे न्यायची तर समोरून येणारी वाहतूक कुणीतरी थांबवलीच असणार. श्रीनगरमधून जाताना संचारबंदी लावली होती. संचारबंदी हासुद्धा एक प्रकारचा ट्रॅफिक कंट्रोलच.

७ मे १९६० ला सीमा सडक संघटना, म्हणजे आपली बीआरओ, उभी राहिली. काश्मीर-लडाखच्या बाजूला 'प्रोजेक्ट बीकन' आलं. १९६२ च्या लढाईनंतर या रस्त्याचं महत्त्व काय ते सगळ्यांना कळलं. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं आणि फौजी ट्रकच्या मागे टॅक्सी आणि बसगाड्या लागल्या. इथून खरी डोकेदुखी सुरू झाली.

गेट म्हणजे काय

डोंगरात 'गेट' म्हणतात ते लोखंडी फाटक असेलच असं नाही. कधी एक आडवा बांबू असतो, कधी नुसता दोर, कधी दोन ड्रम. गेट म्हणजे वेळ. रस्ता एका गाडीपुरता असेल तर सकाळी एका बाजूच्या गाड्या सोडायच्या, त्या पार झाल्या की दुसऱ्या बाजूच्या. आसामात होतो तेव्हा जुने लोक सांगायचे की गुवाहाटी-शिलाँग रस्त्यावर अशीच पद्धत होती. नोंगपोहला दोन्हीकडच्या गाड्या थांबायच्या, चहा प्यायच्या आणि मग एकमेकींना ओलांडायच्या. रवींद्रनाथांच्या 'शेषेर कविता' कादंबरीत नायक-नायिकेची पहिली भेट शिलाँगच्या डोंगरात वळणावर दोन मोटारी धडकून होते. कादंबरीत त्यातून प्रेम निर्माण होतं. आमच्या रजिस्टरात अशा धडकेतून फक्त कोर्ट ऑफ इन्क्वायरी निर्माण व्हायची.

रेल्वेत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. एकेरी लोहमार्गावर ड्रायव्हरच्या हातात टोकनचा गोळा पडल्याशिवाय गाडी पुढच्या सेक्शनमध्ये जात नाही. गोळा एकच असतो, म्हणून समोरून गाडी येण्याचा प्रश्न नाही. झोजी लावर आमचा गोळा म्हणजे फील्ड टेलिफोन आणि रजिस्टर.

माझ्या काळची पद्धत सांगतो. खिंडीच्या या टोकाला सोनमर्गकडे एक ट्रॅफिक कंट्रोल पोस्ट, त्या टोकाला गुमरीला दुसरी. टीसीपी म्हणायचे. सोनमर्गची टीसीपी गाड्या सोडायला लागली की पहिल्या गाडीचा नंबर, शेवटच्या गाडीचा नंबर आणि एकूण संख्या टेलिफोनवर गुमरीला कळवायची. गुमरीवाल्याने मोजत बसायचं. शेवटचा नंबर पार झाला आणि आकडा जुळला तरच दोर खाली. शंभर सोडल्या आणि नव्व्याण्णव पोचल्या तर गेट उघडायचं नाही. ती एक गाडी कुठेतरी बंद पडली असेल, कॅप्टन मोडवर किंवा शैतान नाल्याजवळ अडकली असेल, किंवा देव न करो खाली गेली असेल. माणूस पाठवून शोध घ्यायचा. तोपर्यंत गुमरीच्या बाजूला दोनशे ड्रायव्हर हॉर्न वाजवत आणि शिव्या देत उभे. मोजणाऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं करायचं.

नवीन आलेला जवान विचारायचा, उस्ताद, एवढं मोजायचं कशाला, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एक मागे घेईल. मग त्याला खिंडीत नेऊन दाखवायचं. चढाच्या गाडीला प्राधान्य, हा डोंगराचा नियम जगभर आहे. आपल्याकडे १९८९ च्या रस्ता-नियमावलीत तो लिहिलेला होता. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. कारण साधं आहे. भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलताना क्लच जळतो. त्यात उंचीवर हवा विरळ. साध्या डिझेल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहाव्या हिश्शाने कमी होते. सोनमर्गला जो ट्रक बैलासारखा ओढतो, तो झोजी लावर म्हाताऱ्यासारखा धापा टाकतो. म्हणून चढावरचा ट्रक थांबवायचाच नाही. आणि बाजूला थांबायचं तर बाजू हवी. झोजी लाच्या बऱ्याच भागात तेव्हा बाजूच नव्हती.

हुकूम कुणाचा

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गेटवर उभा असलेला मी, माझा हुकूम कायद्याने कुणावर चालत होता?

भारतात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. मग १९३९ चा, आणि आताचा १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. या कायद्याच्या ११५ व्या कलमाने एखाद्या रस्त्यावरची वाहतूक बंद करण्याचा किंवा तिच्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. ११९ व्या कलमाने ड्रायव्हरने रस्त्यावरच्या सक्तीच्या खुणा पाळायच्या आणि वाहतूक नियंत्रण करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं ऐकायचं. पोलीस अधिकारी म्हणजे खाकीतला. मिलिटरी पोलीस नव्हे.

आमचा अधिकार आर्मी ॲक्ट १९५० मधून येतो. १०७ वं कलम प्रोव्होस्ट मार्शलचं. शिस्त राखायची, अपराध्याला पकडायचं, पण ज्याला आर्मी ॲक्ट लागू आहे त्यालाच. आमची कोअर १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर उभी राहिली, ती फौजेसाठी. ब्रीद 'सेवा तथा सहायता'. सिव्हिलियन ट्रक ड्रायव्हरची चलान फाडायचा मला काडीचा अधिकार नव्हता. तो म्हणाला असता, "हट जाओ फौजी, मैं नहीं रुकता," तर माझ्याकडे कायद्याचं एक कलमही नव्हतं.

पण माझ्या पूर्ण पोस्टिंगमध्ये असं एकदाही कुणी म्हणालं नाही. का?

गेटवर आम्ही तीन प्रकारची माणसं असायचो. एक मी, मिलिटरी पोलीस. दुसरा राज्य पोलिसांचा ट्रॅफिकवाला. तिथे शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी 'ट्रॅफिक रूरल' अशी वेगळी शाखा आहे. आमच्याकडे असायचा तो एक हेड कॉन्स्टेबल, पन्नाशीचा, कांगडी फिरनच्या आत धरून बसणारा. तिसरा ग्रेफचा माणूस, म्हणजे बीआरओच्या रस्ता दलाचा. ग्रेफवाला सांगणार की रस्ता चालण्याजोगा आहे की नाही. त्याने नाही म्हटलं की जनरल साहेबांची जिप्सीसुद्धा थांबायची. हेड कॉन्स्टेबलच्या हातात चलानबुक, कायद्याची खरी ताकद त्याची. आणि मी हात वर करणार. रांगेत बहुतेक गाड्या फौजेच्याच, वर जाणारा बाण असलेल्या नंबरप्लेटच्या. त्या माझ्या हातावर थांबत. त्या थांबल्या की मागचा सिव्हिल ट्रक थांबणारच, जाणार कुठून?

पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मला हेड कॉन्स्टेबलने समजावलं. तो म्हणाला होता, इथे लोक कायद्याला भीत नाहीत आणि तुझ्या टोपीलाही भीत नाहीत. त्यांना दिसतं की तुझ्या स्वतःच्या फौजेच्या शंभर गाड्या उन्हात उभ्या आहेत आणि तू त्यांनाही सोडत नाहीस. ज्या दिवशी तू आपल्या माणसाला सोडशील त्या दिवशी हा दोर दोर राहणार नाही, सुतळी होईल.

चलानबुकाची ताकदही तिथे तोकडी पडायची. उदाहरण सांगतो. जास्त वजन भरलेला ट्रक हा डोंगरातला सगळ्यात मोठा शत्रू. कायद्याच्या ११४ व्या कलमाने अधिकारी ट्रकचं वजन करायला लावू शकतो, पण त्यासाठी ट्रकच्या पुढच्या मार्गापासून दहा किलोमीटरच्या आत वजनकाटा असायला हवा. गुमरीच्या आसपास दगड, बर्फ आणि मेंढ्या. मग हेड कॉन्स्टेबल टायरकडे आणि मागच्या पाट्यांकडे बघायचा. पाटे उलटे वाकलेले दिसले की ड्रायव्हरला खाली उतरवायचा, खांद्यावर हात टाकायचा आणि म्हणायचा, "बेटा, आज रात इधर रुक जा, सुबह ठंडे इंजन से उतरना." दहातले सात-आठ ऐकायचे. उरलेल्यांना तो रांगेत शेवटी लावायचा, म्हणजे ब्रेक गेले तर पुढे कुणी नको. हे कुठल्याही कलमात नाही.

ती संध्याकाळ

१९९७ चा सप्टेंबर. मी नायक होतो, गुमरीच्या टीसीपीवर. त्या दिवशी दुपारी सोनमर्गच्या बाजूला दरड आली होती. ग्रेफच्या डोझरने रस्ता मोकळा करेपर्यंत चार वाजले. म्हणून वर येणारा काफिला उशिरा सुटला. टेलिफोन आला, चौसष्ट गाड्या, पहिला नंबर अमुक, शेवटचा नंबर तमुक. मी लिहून घेतलं. उतरणाऱ्यांचं गेट बंद. निदान तीन तास लागणार होते.

पाचच्या सुमारास द्रासच्या बाजूने एक जीप आली, सिव्हिल. आत ड्रायव्हर, एक म्हातारा होऊ घातलेला बाप आणि मागच्या सीटवर दहा-अकरा वर्षांचा मुलगा, पाय पोटाशी घेऊन पडलेला. बाप खाली उतरला. हिंदी त्याला तोडकी येत होती. मुलाचं पोट दोन दिवस दुखत होतं, द्रासच्या डॉक्टरने श्रीनगरला न्यायला सांगितलं होतं. त्याने माझ्या हाताला हात लावला नाही की पाया पडला नाही. नुसता उभा राहिला.

हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "नहीं उस्ताद. ऊपर वाली गाड़ियां आने दो."

मी विचार केला, जीप आहे, ट्रक नाही. कुठेतरी भिंतीला चिकटून उभी राहील आणि ट्रक पार होतील. गावाकडे माझा स्वतःचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. मी दोर खाली केला. हेड कॉन्स्टेबल काही बोलला नाही, कांगडी सावरत आत गेला.

जीप कॅप्टन मोडच्या अलीकडे काफिल्याच्या तोंडावर गेली. जिथे भेटली तिथे चिकटून उभं राहायला जागा नव्हती. पहिला ट्रक चढावर थांबला. त्याच्या मागे त्रेसष्ट थांबले. जीप मागे घ्यायला लागली तर मागे वळण आणि अंधार. शेवटी जवानांनी खाली उतरून दगडं लावून जीप इंचाइंचाने मागे घेतली. तोपर्यंत चौथ्या ट्रकने चढ उचलायचा प्रयत्न केला आणि त्याचा क्लच जळाला. आता रस्त्याच्या मधोमध मेलेला ट्रक, मागे साठ गाड्या, आणि रिकव्हरी वाहन सगळ्यात शेवटी, कारण ते नेहमी शेवटीच असतं.

मला टेलिफोनवर फक्त एवढंच कळलं की काफिला थांबलाय. का थांबलाय ते मला माहीत होतं.

मुलाला काफिल्यातल्या जवानांनी स्ट्रेचरवर घेतलं आणि अंधारात, ट्रकांच्या रांगेच्या कडेने, पायी बालतालपर्यंत खाली नेलं. तिथून गाडीने सोनमर्ग. तो तिथे पोचला तेव्हा पहाट झाली होती. मी दोर खाली केला नसता तर काफिला आठच्या सुमारास पार झाला असता, जीप सगळ्यात पुढे सोडली असती, आणि मुलगा दहाच्या आत सोनमर्गला असता. हा हिशोब मी त्या रात्री रजिस्टरसमोर बसून केला. आजही कधीकधी करतो.

कंपनी कमांडर साहेबांसमोर पेशी झाली. साहेबांनी विचारलं, "तुला नियम माहीत नव्हता का?" मी म्हटलं, "माहीत होता साहेब." रेड इंक एंट्री लागली. हवालदारकी उशिरा मिळाली. त्याचं काही वाटलं नाही, तो हिशोब बरोबरच होता.

मुलगा वाचला. अपेंडिक्स आत फुटलं होतं, बरेच दिवस तो इस्पितळात होता. हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं, जेव्हा बाप त्याला घेऊन परत जाताना गेटवर उतरला. मुलगा वाळून काटकी झाला होता, पण चालत होता. बापाने जर्दाळूची एक पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, त्या दिवशी तुम्ही जाऊ दिलंत म्हणून. मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं. हेड कॉन्स्टेबल शेजारी उभा होता. त्याने माझ्या दंडाला हात लावला आणि बापाला म्हणाला, "चाचा, खुदा का शुक्र करो, बर्फ से पहले निकल जाओ." जीप गेली. नंतर आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही. जर्दाळू पोस्टवर सगळ्यांनी खाल्ले. मी खाल्ले नाहीत.

सगळ्यांना लागू असलेला नियम

दोन वर्षांनी कारगिलची लढाई झाली. मी तेव्हा पूर्वेकडे होतो. पण माझे साथी त्या रस्त्यावर होते. तोलोलिंगवरून शत्रूला द्रासजवळचा रस्ता तळहातासारखा दिसत होता आणि तो तोफांना नेम सांगत होता. म्हणून काफिले रात्री, दिवे बंद करून चालायचे. आयुष्यभर ड्रायव्हरला शिकवलं की रात्री दिवे लाव, आणि तिथे दिवा लावणं हाच गुन्हा. १३ जूनला तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल घेतल्यावर रस्त्याने थोडा श्वास घेतला. त्या रात्रींमध्येही गेटवरची मोजणी थांबली नव्हती. किती सोडल्या, किती पोचल्या. त्या दिवसांत न जुळलेल्या आकड्याचा अर्थ वेगळा होता.

उलट उदाहरणही सांगायला हवं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात लेथपोऱ्याजवळ आपले ४० सीआरपीएफ जवान गेले. त्यानंतर एप्रिलमध्ये हुकूम निघाला की बारामुल्ला ते उधमपूर महामार्गावर रविवार आणि बुधवार, पहाटे ४ ते संध्याकाळी ५, सिव्हिल गाड्या बंद, फक्त सुरक्षा दलांचे काफिले. जवानांचा जीव वाचवायचा हेतू होता, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण शाळा, दवाखाना, सफरचंदाचे ट्रक, लग्नाच्या वराती सगळ्यांची अडचण झाली, लोक नाराज झाले, आणि मे महिन्यात ते निर्बंध उठवावे लागले. मला गुमरीच्या हेड कॉन्स्टेबलची सुतळी आठवली. ज्या गेटवर एकच बाजू थांबते आणि दुसरी कायम जाते, ते गेट माणसाला जड जातं. ज्या गेटवर दोन्ही बाजू थांबतात, तिथे शिव्या देत का होईना, माणूस थांबतो.

आता बरंच बदललंय. मे २०२१ मध्ये आमच्या बेंगळुरूच्या सेंटरमधून ८३ महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली. फोटो पाहून छाती फुगली. झोजी लाची वाट पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असायची. बीआरओने २०२४ मध्ये ती ३५ दिवसांत पुन्हा उघडली आणि २०२५ मध्ये ३२ दिवसांत. १३ जानेवारी २०२५ ला सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. झोजी लाच्या पोटातून जाणाऱ्या १३ किलोमीटरच्या बोगद्याचं काम चालू आहे. तो झाला की गुमरीच्या गेटाची गरज राहणार नाही. उद्या कुठून सुटायचं आणि कधी, हे ड्रायव्हर आता मोबाईलवर बघतो. चांगलंच आहे. त्या कड्यावर ज्यांनी रात्री काढल्या त्यांच्यापैकी कुणालाही ते गेट परत नको आहे.

नातवाच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला घरी आल्यावर दिलं. वळणावर पोलीस नसतो, कारण पोलिसाने तिथे असावं अशी रस्त्याची रचनाच नसते. रस्ता चालतो तो समोरून येणाऱ्याच्या भरवशावर. बोगद्यातून जाणाऱ्याला खात्री असते की समोरून कुणी येणार नाही, घाट चढणाऱ्यालाही तीच खात्री असते. मोटारसायकलवाल्याने पाच मिनिटं वाचवली आणि त्या ट्रकवाल्याची खात्री घालवली. उद्या तो ट्रकवाला त्याच वळणावर विनाकारण ब्रेक मारेल.

नातू म्हणाला, "पण आजोबा, त्याला काही घाईचं काम असेल तर?"

मग मी त्याला गुमरीच्या जीपची गोष्ट सांगितली. जर्दाळूपर्यंत.

या रस्त्यावर ज्यांनी टीसीपी केली असेल त्यांनी आपले अनुभव जरूर कळवा. विशेषतः १९८० च्या दशकातली, शक्तिमान ट्रकांच्या काळातली मोजणीची पद्धत कुणाला आठवत असेल तर.

जय हिंद.